पत्र्याच्या खोलीतली ऊब

सटवाजी कार्तिकात गेला. भर दुपारी, हट्ट्याच्या शिवारात, बाभळीखाली बसल्या जागी. अनुसयाबाई भाकरीचं फडकं घेऊन आली तेव्हा तो बुंध्याला टेकून बसला होता, काठी मांडीवर आडवी. तिला वाटलं डोळा लागला असेल. तिने दोन हाका मारल्या, मग खांद्याला हात लावला, तसा तो एका अंगाला कलंडला.

मेंढरं सकाळपासून तहानलेली होती. त्यांनी आपली आपण कालव्याची वाट धरली होती आणि मधे कुणाचा तरी हरभरा होता. अनुसयाबाईने नवऱ्याला नीट आडवं केलं, त्याच्या तोंडावर त्याचाच पटका टाकला आणि आधी मेंढरं पाण्यावर नेली. शेवटचं मेंढरू पाणी पिऊन वर आल्यावर तिने मुलाला, रामला, फोन लावला.

मातीला आलेल्या बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, दोन दिवसांनी रडेल. दोन दिवस झाले, तेरावा झाला. अनुसयाबाई स्वतःही वाट बघत होती. रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती, पण समोर ठेवलं तर ती खायची. कोणी काही विचारलं तर उत्तर सुचायला वेळ लागायचा, आणि सुचेपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. हळूहळू तिने उत्तर देणंच सोडलं. रामला त्याची सवय झाली. तो सांगायचं ते सांगून कामाला लागायचा, आणि ती सांगितलेलं सगळं बिनचूक करायची.

मेंढरं दीडशेच्या घरात होती. राम मागची तीन वर्षं कळपाबरोबर एक जुना ‘छोटा हत्ती’ टेम्पो चालवत होता. पूर्वी बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असायचं. घोडी म्हातारी होऊन मेली, तेव्हा रामने हा लहानगा ट्रक आणला आणि कुरुंद्याच्या प्रेमदास वेल्डरकडून हौद्यावर पत्र्याची खोली करून घेतली. खोली म्हणजे लोखंडी अँगलचा सांगाडा, त्याला चारी बाजूंनी पत्रा, मागे बाहेर उघडणारं दार, एका बाजूला वहीएवढी सरकती खिडकी. आत फळीचा बाक, बाकाखाली भांडी. उभं राहिलं तर डोकं छताला लागायचं. सटवाजी त्या खोलीत कधी झोपला नाही. निजल्या जागेवरून मेंढरं दिसली पाहिजेत, असं तो म्हणायचा, आणि मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीच्या जाळ्याला लागून घोंगडी अंथरायचा. अनुसयाबाईही त्याच्याजवळ बाहेरच झोपायची. तो गेल्यावरही तिने जागा बदलली नव्हती.

पौष लागला तेव्हा कळप हट्ट्याजवळ दत्तप्रसादच्या रानात बसवला होता. दत्तप्रसाद तिशीतला शेतकरी. उन्हाळी भुईमुगासाठी त्याने चार एकर मोकळं ठेवलं होतं, त्याला लेंडीखत हवं होतं. रान चांगलं होतं, पण कालव्याच्या काठाला होतं. सूर्य कलला की पाण्यावरून गारठा यायचा तो दिवस वर येईपर्यंत हलायचा नाही. रामच्या फोनवर सहा अंश दिसायचे. सकाळी वाघरीच्या दोऱ्या ओल्या आणि ताठ झालेल्या असायच्या.

त्याच आठवड्यात राधिका माहेराहून आली. ती रामची बायको. सेनगावकडे माहेरी बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, मोहिनी. सव्वा महिना झाल्यावर आणखी दोन महिने राहा असं तिची आई म्हणत होती. पण मेंढ्या विणीला आल्या होत्या, रोज दोन-तीन कोकरं होत होती, आणि सासरा गेल्यापासून तिकडे माणूस कमी. राधिका स्वतःच निघाली. भावाने तिला हट्ट्याच्या फाट्यावर सोडलं. राम तिला फोनवर म्हणाला होता की गाडीतली खोली गरम ठेवायची जबाबदारी माझी.

ते वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पहिल्या रात्री राधिका लेकराला घेऊन आत निजली. दोघींच्या श्वासाचं पाणी होऊन पत्र्याला आतून थेंब धरले आणि पहाटे ते अंथरुणावर टपकायला लागले. दुपटी ओली झाली. मोहिनीचे तळपाय इतके गार पडले की राधिकेने ते स्वतःच्या पोटाला लावून दिवस उजाडायची वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी राम वसमतला गेला. फ्रिजच्या दुकानामागे टाकलेले थर्माकोलचे तुकडे, चिकटपट्टी आणि दाराच्या फटीला लावायची स्पंजची पट्टी घेऊन आला. दिवसभर त्याने आतल्या बाजूने थर्माकोल बसवला. अनुसयाबाईने त्यावर जुनं घोंगडं ताणून बांधलं. खिडकीवर प्लास्टिक चिकटवलं. जिथे जिथे बोट जात होतं तिथे चिंधी कोंबली. संध्याकाळी दार लावलं तर बाहेरचा मेंढरांचा आवाजही आत नीट येईना. रामला त्याचा आनंद झाला. पण मध्यरात्रीनंतर खोली पुन्हा गार पडायची. पत्रा तो पत्राच.

मग मोहिनीला सर्दी झाली. दूध पिताना तिचं नाक भरून यायचं आणि ती स्तन सोडून रडायची. रामने दुसऱ्या खेपेला लोखंडी शेगडी आणि गोणीभर कोळसा आणला. लाकूड आत जाळलं तर धूर होतो, हे त्याला कळत होतं. कोळशाला धूर नसतो. बाहेर फुलवायचा, लाल झाला की शेगडी आत ठेवायची, तासाभरात खोली तापली की बाहेर काढायची आणि मग लेकराला न्यायचं, असं त्याने ठरवलं. पहिले दोन दिवस तसं केलं. दार मात्र उघडं-मिटं होत राहिलं, कोणी ना कोणी काही घ्यायला आत जायचं. खोली बऱ्यापैकी तापली. मोहिनी पहिल्यांदा सलग झोपली. राधिका सकाळी अंग शेकून आल्यासारखी दिसत होती. रामने सांगून ठेवलं की उद्यापासून दार घट्ट लावून ठेवायचं, उगाच ऊब बाहेर जाते.

तिसऱ्या दिवशी वारा सुटला. दुपारी एका मेंढीला जुळी झाली आणि तिने दोन्ही कोकरांकडे पाठ फिरवली. कोकरं अशक्त होती, मान धरत नव्हती. दिवस मावळायला आला तसा रामने फुललेली शेगडी आत दाराजवळ एका पत्र्याच्या तुकड्यावर ठेवली आणि कोकरं आईच्या ओच्यात देऊन तो म्हणाला, "माय, तू हेयला घेऊन आत बस. खोली बी तापंल, कोकरं बी वाचतील."

अनुसयाबाई आत गेली. रामने बाहेरून दार लोटलं. स्पंजची पट्टी दाबून ते खट् करून बसलं.

तिने कोकरं शेगडीजवळ पोत्यावर ठेवली आणि बाकाला पाठ लावून खाली बसली. निखाऱ्यांचा तांबडा उजेड होता, आणि वर टांगलेला सोलरचा दिवा. ऊब छान होती. पंधरा दिवसांत तिची बोटं पहिल्यांदा पूर्ण उघडली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. कोकरं थोडा वेळ बारीक आवाजात ओरडली, मग गप्प झाली. तिला वाटलं ऊब लागून निजली.

थोड्या वेळाने तिच्या कानशिलात ठणकायला लागलं. कोणी कपाळाभोवती दोरी आवळतंय तसं. मग डोकं जड झालं, पोटात ढवळलं. तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. कार्तिकापासून अंगात असंच काहीतरी असायचं, जड, लांबचं, दुसऱ्याच्या अंगात असल्यासारखं. हे त्यातलंच असेल असं तिला वाटलं.

तिने एका कोकराच्या मानेखाली हात घातला. मान हातातून खाली पडली. दुसऱ्याचं तोंड उघडं होतं आणि जीभ एका बाजूला आली होती. अनुसयाबाईने आयुष्यात हजारो कोकरं हाताळली होती. मेलेलं कोकरू तिला न बघताही कळायचं. दोन्ही मेली होती. थंडीने मेलेलं कोकरू आखडतं. ही मऊ होती, गरम होती.

तेव्हा तिला कळलं की खोलीत काहीतरी वाईट आहे. कसलं ते कळलं नाही, पण जे कोकरांना झालं ते आता आपल्याला होतंय एवढं स्पष्ट कळलं. दार दोन हातांवर होतं. शेगडी ओलांडून ढकललं की उघडलं असतं. ती दाराकडे बघत होती. भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. सटवाजीही असाच टेकून बसला होता, एवढंच तिच्या मनात आलं. ती उठली नाही.

किती वेळ गेला ते तिला नंतर सांगता आलं नाही. दार उघडलं. गार वारा आत आला आणि राधिका वाकून अर्धी आत आली. तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मोहिनी होती.

"आत्या, हिला हितं निजवते. भाईर वारा लई हाय. भाकरी थापून येतेच मी, मंग शेगडी काढू," ती म्हणाली. तिने लेकराला बाकावर ठेवलं, बाजूला उशी लावली. आत उजेड कमी होता. सासू बाकाला टेकून, डोळे उघडे ठेवून बसली होती. ती काही बोलली नाही, पण ती कधीच काही बोलत नव्हती. ऊब जाऊ नये म्हणून राधिकेने लगेच दार लावून घेतलं. तिची पावलं चुलीकडे गेली.

अनुसयाबाईला ओरडायचं होतं. घशातून आवाज आला नाही. डोक्याच्या बाजूला, बाकावर, मोहिनी नाकाने सूं सूं करत होती.

आता तिला उठायचं होतं, आणि आता पाय उठत नव्हते. मांडीपासून खाली काहीच नव्हतं जसं. तिने हात वर करून दुपट्याचं टोक पकडलं आणि ओढलं. लेकरू घसरत तिच्या छातीवर आलं आणि रडायला लागलं. ते रडतंय हे तिला बरं वाटलं. तिने एका हाताने त्याला छातीशी धरलं आणि दुसऱ्या कोपरावर अंग रेटत दाराकडे सरकली. शेगडी वाटेत होती. तिने ती हाताने बाजूला सारली. निखारे पत्र्यावर सांडले, काही तिच्या हातावर पडले, तिला ते जाणवलं नाही. दाराजवळ आल्यावर ती कुशीवर वळली, पाठीने दाराला धडक दिली. स्पंजची पट्टी चिकटून बसली होती. दुसऱ्या धडकेला डोळ्यापुढे सगळं काळं झालं. तिसरी तिने मारली की नाही ते तिला आठवत नाही. दार उघडलं आणि ती लेकरासकट खाली ढेकळांत पडली.

चुलीवरून राधिका पळत आली. अनुसयाबाई पाठीवर पडली होती आणि मोहिनी तिच्या अंगावर होती. पडताना तिने लेकराला खाली येऊ दिलं नव्हतं. रामने खोलीत डोकं घातलं, कोकरं पाहिली, सांडलेले निखारे पाहिले आणि काही न कळून तिथेच उभा राहिला. दत्तप्रसाद मोटार बंद करायला कालव्यावर आला होता, तो आरडाओरड ऐकून आला. त्याने एकच विचारलं, कोळसा आत होता का. मग तो म्हणाला की कोणी आत जाऊ नका, आणि पळत जाऊन आपली गाडी घेऊन आला. वसमतपर्यंत त्याने चारी काचा खाली ठेवल्या. राधिका मागे कुडकुडत बसली होती आणि सारखी मोहिनीच्या नाकापुढे बोट धरत होती.

सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला डॉक्टर शितल म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी दोघींना ऑक्सिजन लावला. मोहिनीच्या तोंडाला तो मास्क मोठा व्हायचा, नर्सने तो हाताने धरून ठेवला. तासाभराने डॉक्टरीणबाईंनी रामला बाजूला बोलावून सांगितलं की कोळशाचा धूर दिसत नाही म्हणून लोक तो निर्धोक समजतात, पण बंद जागेत त्यातून एक वायू होतो, त्याला वासही नसतो. आधी डोकं दुखतं, मग हातपाय जातात, माणूस झोपेतच संपतो. लेकरू थोडाच वेळ आत होतं म्हणून निभावलं. रामने विचारलं, किती वेळात झालं असतं. त्या म्हणाल्या, आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा. 

अनुसयाबाईच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं होतं. सकाळी नर्स पट्टी बदलायला आली तेव्हा तिने विचारलं, दुखतं का आजी? अनुसयाबाईने हाताकडे पाहून विचार केला आणि सांगितलं की दुखतंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी राम मेंढरांकडे गेला. कळप दत्तप्रसादच्या गड्याच्या भरवशावर होता. खाटेजवळच्या बाकड्यावर राधिका लेकराला पाजत बसली होती. सकाळपासून ती स्वतःला दोष देत होती. मी दिवा नीट धरून बघायला पाहिजे होतं, तुम्ही बोलल्या नाहीत तर विचारायला पाहिजे होतं, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. राम रात्रभर तेच स्वतःबद्दल म्हणत होता. अनुसयाबाईने दोघांचं ऐकून घेतलं होतं. गप्प राहिली असती तर ते तसंच चाललं असतं.

"राधिका, मला कळलं व्हतं," ती म्हणाली.

राधिकेने वर पाहिलं.

"कोकरं मेली तवाच कळलं. आता आपली पाळी हाय, असं कळलं. दार हाताशी व्हतं. मी उठले न्हाई."

"काहून?"

अनुसयाबाईला उत्तर सुचायला वेळ लागला. राधिका थांबली.

"उठावं असं वाटलं न्हाई."

राधिकेने पदर सारखा केला. मोहिनी दूध सोडून झोपली होती. "आन् मी हिला आत ठेवली तवा?"

"तवा उठायचं व्हतं. तवा पाय राहिले न्हवते."

 राधिका लेकराला घेऊन उठली आणि व्हरांड्यातल्या दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत ती परत आली नाही. जेवणाचा डबा आला तेव्हा तिने तो सासूच्या खाटेवर ठेवला आणि न बोलता गेली.

रानात परत आल्यावर रामने ठरवलं की राधिकेला माहेरी धाडायचं आणि ती पत्र्याची खोली गाडीवरून उतरवून भंगारात घालायची. राधिका म्हणाली, मी जाणार नाही. कोकरं आहेत, तुम्ही एकटे काय काय बघाल. एकटे हा शब्द तिने अनुसयाबाईसमोरच वापरला. दत्तप्रसादने आपल्या आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची, खताची खोली रिकामी करून दिली. राधिका लेकराला घेऊन तिथे निजायला लागली. दिवसा ती मोहिनीला पाठीला झोळीत बांधून चारा टाकायची, शेण काढायची. पूर्वी ती सासूजवळ लेकरू देऊन कामाला जायची. आता देत नव्हती. रामला बायकोचं वागणं दिसत होतं, कारण माहीत नव्हतं. त्याने एकदा विचारलं, तर राधिका म्हणाली, "तुमच्या मायला इचारा." त्याने विचारलं नाही.

अनुसयाबाई वाघरीजवळ आपल्या जागेवर निजायची. तिला राधिकेचा राग आला नाही. लेकरू न देणं बराबर आहे, असं तिला वाटायचं. पण आखाड्यावरची खोली इथलीच होती. पंधरा दिवसांनी कळप कुरुंद्याकडे हलवायचा होता, तिथे आखाडा नव्हता, आणि थंडी माघापर्यंत राहणार होती. हे ती तीन दिवस मनात घोळवत राहिली. चौथ्या दिवशी राम खोली उतरवून घ्यायला गाडी घेऊन कुरुंद्याला निघाला तेव्हा ती पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसली.

प्रेमदासचं दुकान रस्त्याला लागून होतं. तो तांड्यावरचा माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. झालेली गोष्ट त्याच्या कानावर आली होती. खोली आपल्या हातची, म्हणून त्याच्या मनाला लागली होती. तो म्हणाला, ही उतरवायची काही गरज नाही. मी आत लोखंडी चूल बसवून देतो, तिचा पाइप छतातून वर काढतो, सगळा वायू वर जाईल. रामला ते पटलं. तो मान हलवणार तेवढ्यात अनुसयाबाई म्हणाली, "आत इस्तू नको."

दोघे तिच्याकडे बघायला लागले.

"पाइप बुजला तर कोणाला कळनार हाय? इस्तू भाईरच राहील," ती म्हणाली. मग तिने गाडीच्या मागे जाऊन बोटाने दाखवलं. इथे खाली, दाराशेजारी, हाताच्या पंजाएवढं एक भोक. तिथे वर, समोरच्या कोपऱ्यात छताखाली, तेवढंच दुसरं. दोन्हीला जाळी मारायची, उंदीर येऊ नये म्हणून. झाकण बसवायचं नाही. झाकण असलं की थंडीत माणूस ते लावतोच. दाराची कडी आतून सहज निघेल अशी करायची, लहान पोराच्याही हाताने. आणि बाकाखाली भांड्यांच्या जागी एक लोखंडी खण करायचा, दगड ठेवायला.

कसले दगड, प्रेमदासने विचारलं.

तापवलेले, ती म्हणाली. पेमा म्हणून तिची सासू होती, ती अशक्त कोकरांसाठी खड्डा करून त्यात तापलेले दगड पुरायची, वर माती आणि पोतं घालायची आणि त्यावर कोकरं ठेवायची. ओढ्यातला गोटा घ्यायचा नाही, तो आत पाणी धरून असतो आणि इस्तवात फुटतो. बांधावरचा काळा, कोरडा दगड घ्यायचा. अनुसयाबाईने हे सगळं थांबत थांबत सांगितलं. राम ऐकत होता. बाप गेल्यापासून ती एका वेळी एवढं बोलली नव्हती.

प्रेमदासने कटर चालवला. पत्रा कापताना ठिणग्या उडाल्या, थर्माकोलचा जळका वास आला. दुपारपर्यंत काम झालं. परत येताना रामने अचानक गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि विचारलं, "माय, राधिका तुझ्याशी बोलून काहून न्हाई राहिली?"

अनुसयाबाईने त्यालाही सांगितलं. राधिकेला सांगितलं होतं तेवढंच. राम स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. समोरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले. मग त्याने गाडी सुरू केली. त्या दिवसापासून तो संध्याकाळी आपली घोंगडी तिच्याजवळ, वाघरीला लागून टाकायला लागला.

दगड तापवताना दोन दिवस अंदाज चुकला. पहिल्या दिवशी फार तापले, पोतं करपलं. दुसऱ्या दिवशी कमी पडले. तिसऱ्या दिवशी अनुसयाबाईने सात दगड तुराट्यांच्या जाळात ठेवले, वर थेंबभर पाणी टाकलं की चर्र होऊन लगेच उडेल इतकेच तापवले, पोत्याच्या दोन पदरांत गुंडाळून खणात ठेवले आणि दार लावलं. खोली शेगडीसारखी तापली नाही. पण बाकावर हात ठेवला तर फळी कोमट लागत होती, आणि पत्र्याला आतून पाणी धरलं नाही. खालच्या भोकातून वारा आत येत होता आणि वरच्यातून ओल बाहेर जात होती.

राधिका आखाड्यावरून हे सगळं बघत होती. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने मोहिनीला रामजवळ दिलं आणि एकटीच आत जाऊन बसली. दार लावून घेतलं. राम आणि अनुसयाबाई बाहेर थांबले. अर्धा तास झाला. राम दोनदा दाराकडे गेला आणि दोनदा परत आला. मग राधिका बाहेर आली, तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली की डोकं दुखत नाही.

ती अनुसयाबाईजवळ येऊन उकिडवी बसली. कोकरं दूध पीत होती, त्यांच्या शेपट्या हलत होत्या.

"आत्या, मी हाक मारली की ओ द्यायची," ती म्हणाली. "जेवत असा, निजल्या असा, जीव नको झाला असंल, तरी बी. ओ आली न्हाई तर मी लेकरू घेऊन जाईन, पुन्हा येनार न्हाई."

अनुसयाबाई म्हणाली, "व्हय."

"आता म्हणून चालनार न्हाई. रोज."

"रोज दीन."

राधिका उठून गेली. त्या रात्रीही ती आखाड्यावरच निजली. पण दुसऱ्या दिवसापासून ती हाका मारायला लागली. चारा टाकताना, भांडी घासताना, काही काम नसताना. आत्या. अनुसयाबाई जिथे असेल तिथून ओ द्यायची. सुरुवातीला तिला उशीर व्हायचा, राधिका हातातलं काम थांबवून वाट बघायची. आठवड्याभरात उशीर कमी झाला. ओ देताना आत काही वाटायचं असं नाही. आवाज तेवढा निघायचा.

संक्रांतीनंतर चार दिवसांनी कळप हलला. दत्तप्रसादने ज्वारीचं पोतं गाडीत ठेवलं आणि पुढच्या पौषात पुन्हा या म्हणाला. रामने मेंढरं दत्तप्रसादच्या गड्याबरोबर पुढे काढली, गाडी तो मागून नेणार होता. त्या दिवशी एक मेंढी अडली होती आणि तिच्याजवळ मागे कोणीतरी थांबायला हवं होतं. राधिकेने पाठीची झोळी सोडली. तिने क्षणभर लेकराकडे पाहिलं, मग ते अनुसयाबाईच्या उजव्या हातावर ठेवलं, कारण डाव्या हाताची पट्टी अजून निघाली नव्हती, आणि ती मेंढीकडे गेली.

नव्या रानात पोचायला संध्याकाळ झाली. शेजारी हळदीची उभी शेतं होती, पानं पिवळी पडत आलेली. रामने वाघर लावली. अनुसयाबाईने बांधावरचे दगड गोळा केले आणि जाळ केला. राधिकेने आत अंथरूण घातलं तेव्हा दोन जागा घातल्या, एक बाकावर आणि एक खाली, आणि बाहेर येऊन एवढंच सांगितलं की पहाटे दगड बदलायला कोणी तरी आत असावं लागतं.

जेवणं झाल्यावर अनुसयाबाई आत गेली. बाकावर मोहिनी आणि राधिका होत्या. राधिकेचं तोंड भिंतीकडे होतं. अनुसयाबाईने कडी लावली, काढून पाहिली, पुन्हा लावली. मग खाली वाकून दाराशेजारच्या भोकासमोर हात धरला. जाळीतून गार वारा तिच्या तळहाताला लागत होता. उठून तिने वरच्या भोकाशी हात नेला. तिथून वारा बाहेर जात होता.

अंधारात राधिका म्हणाली, "आत्या."

"ओ," अनुसयाबाई म्हणाली, आणि घोंगडी ओढून आडवी झाली. बाहेर रामने एका मेंढराला नाव घेऊन दटावलं. ती थोडा वेळ जागी राहिली, दगडांची ऊब पाठीला लागेपर्यंत, आणि मग तिला झोप लागली.